तिसरे बोलावणे

सरूआत्या गेल्याची तार मला शाळेत मिळाली. मास्तरांच्या नावाने तार आली की वर्ग आधीच गप्प होतो, तसा तो झाला. मी तार वाचली, खिशात ठेवली आणि फळ्यावर अर्धे राहिलेले गणित पुरे केले... का केले, ते आजही सांगता येत नाही. दुपारच्या गाडीने अकोला सोडले, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरली आणि अंबागेटच्या आतल्या तिच्या खानावळीत पोचलो, तेव्हा सगळे उरकून माणसे परतली होती. जेवायला येणारी मुले ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्यांनी खिचडी आणून दिली होती, ती नेमकी अळणी निघाली, आणि घरात मीठ कुठे असते हे एकालाही ठाऊक नव्हते. दोन-दोन, तीन-तीन वर्षे या घरात जेवलेली ही शिकलेली मंडळी. आत्या असती तर आधी पोट धरून हसली असती आणि मग एकेकाला चार शब्द सुनावले असते. मीही त्यातलाच, कारण मलाही ते मीठ सापडले नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी ती खिचडी तशीच खाल्ली.

आता महिना उलटून गेला आहे. पेपरच्या या पुरवणीसाठी तिच्यावर काही लिहावे असे मनात होते, पण बसलो की हात थांबायचा. सरूआत्या कोणी मोठी बाई नव्हती. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अकोल्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तिचे सासरचे गाव. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, त्या गावच्या देशमुखांच्या जीनवर, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यावर, दिवाणजी होते. कपाशीच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागत आणि आतोबांच्या शब्दावर त्या पुढे-मागे होत. ते सगळे सुटले आणि हे दोघे अमरावतीला येऊन खानावळ चालवू लागले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. मी कॉलेजात शिकलो तो तिच्याच घरी जेवून. त्यामुळे तिच्याविषयी मी लिहितो ते निर्मळ मनाने लिहितो असा दावा करणार नाही. खाल्ल्या मिठाला मी जागणारच.

आत्याला मते फार होती. सत्ता, श्रीमंती, गरिबी, माणसाचा स्वभाव, कशावरही. वाचता येत नव्हते, सभेला कधी गेली नाही, पण वाढता वाढता जे पाही त्यावरून ती बोले, आणि बोलणे कोणाला टोचते आहे याची फिकीर करीत नसे. कोण कुठल्या घरचा आहे ते तिला विचारावे लागत नसे. मला एकदा तिने हळूच दाखवले होते. म्हणाली, "पाह्य, भरल्या घरचं पोट्टं मांगत नाई, ताट जराकसं पुढं सरकवते. अन् ज्याच्या घरी टंचाई हाय ना, ते आधीच हात आडवा करते, पुरे म्हनते. म्हनून जो पुरे म्हनते, त्याले एक भाकर जास्त वाढाची." त्या दिवसापासून मी पंगतीत सगळ्यांचे हात पाहू लागलो, आणि स्वतःचाही. मी हात आडवा करणाऱ्यांपैकी होतो. तिने ते कधी बोलून दाखवले नाही, फक्त भाकर वाढली.

कमिशनर साहेबांच्या कचेरीतला एक चपराशी तिच्याकडे जेवायला येई. लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. पट्टा अंगावर असला की हा गृहस्थ हिंदीत बोले आणि मोठ्याने बोले. पहिल्याच दिवशी त्याने दारातून "पानी लाओ" म्हटले. आत्या बाहेर आली आणि म्हणाली, "पट्टा आधी खुंटीवर टांग. माह्या घरी पट्टा जेवत नाई, मानूस जेवते." त्याने निमूट पट्टा काढला. आणि काय सांगावे, पट्टा उतरला तसा आवाजही उतरला. परतवाड्याकडच्या त्याच्या गावच्या गोष्टी निघाल्या, म्हातारीचे गुडघे निघाले, जेवण संपेपर्यंत तो चांगला आपल्यासारखा माणूस झाला होता. आम्ही पोरे नंतर त्याच्या नकला करून हसत होतो, तर आत्याने आम्हाला झापले. "दिवसभर साहेबापुढं वाकते तो. ज्याले रोज वाकावं लागते, त्याले दिवसातून एकडाव कोनाले तरी वाकवावं वाटतेच. भूकच हाय ते. हसता काहून?" मी पुढे सत्तेवर पुष्कळ मोठी मोठी पुस्तके वाचली. या बोलण्याच्या पुढे फारसा गेलो नाही.

एका सधन घरच्या मुलाने येताना चांदीची वाटी आणली होती आणि वरण त्यातच वाढा म्हणून हट्ट धरला. आम्हाला वाटले, आता काहीतरी ऐकायला मिळेल. आत्याने शांतपणे त्याच वाटीत वरण वाढले. जेवण झाल्यावर म्हणाली, "बापू, चांदी सांभाळाची जोखीम माही नाई. तुहीच वाटी तूच घासून पेटीत ठेवत जाय." आठवडाभर तो मुलगा विहिरीवर राखेने वाटी घासत बसे आणि बाकीचे तोपर्यंत पान खाऊन फिरायला निघून जात. मग ती वाटी पेटीतच राहू लागली. आत्या उपदेश करीत नसे. श्रीमंती मिरवायची असेल तर मिरवावी, फक्त तिची हमाली दुसऱ्यावर टाकू नये, इतकेच तिचे म्हणणे असावे.

पण तिला मोठी करून सांगण्याचा मोह मला होतो, म्हणून हेही लिहून ठेवतो. तिच्या पंगतीत कारकून आणि सावकाराचा मुलगा शेजारी बसत, आधी येईल त्याला आधी वाढले जाई, पण भांडी घासणारी बाई मात्र मागच्या दारी, सगळ्यांच्या नंतर जेवे. मी तेव्हा समतेवरचे काहीबाही वाचत होतो. एकदा न राहवून मी तिला ते विचारले. आत्या संतापली. "तुह्या पुस्तकात स्वैपाक कोन करते रे?" म्हणाली आणि पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरते बोलली. नंतर एक दिवस पाहतो तो त्या बाईचे पान स्वयंपाकघरात, भिंतीशी मांडलेले. जेवायची वेळ मात्र तीच, सगळ्यांच्या नंतर. तिथून पुढे आत्या सरकली नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

आता ज्या गोष्टीमुळे तिची खानावळ झाली ती गोष्ट. आमच्याकडे लग्नाचे आमंत्रण अक्षत देऊन आधी होते, पण तेवढ्यावर कोणी जेवायला उठून येत नाही. त्या दिवशी पुन्हा बोलावणे जावे लागते. साध्या माणसाला एक बोलावणे पुरते. बऱ्या घरच्याला दोन. देशमुखांना तीन. पहिले, स्वयंपाक झाला. दुसरे, पाने मांडली. आणि तिसरे, तुमच्यासाठी पंगत थांबली आहे, चला. हे तिसरे बोलावणे कर्त्या माणसाने स्वतः करायचे, आणि ते येईपर्यंत मानाचा पाहुणा उंबरा ओलांडत नाही. कोणी ठरवले हे, ठाऊक नाही. पण गावात ते सूर्य उगवावा इतके पक्के होते.

आत्याची एकुलती एक लेक, आता धामणगावला असते ती. तिच्या लग्नाचा दिवस. वैशाखाचे ऊन, मांडवात वऱ्हाडी मंडळी पाने मांडून बसलेली. वांग्याची भाजी निवत चाललेली. आतोबा देशमुखांना बोलवायला एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा परत आले आणि म्हणाले, "येऊन राहिले." सगळ्यांनी रस्त्याकडे माना वळवल्या. कोणी आले नाही. नवऱ्या मुलाचा म्हातारा आजा मांडवाच्या खांबाला टेकला, त्याचे डोळे मिटू लागले. लेकरे रडू लागली, व्याही एकमेकांच्या कानाशी लागले. जानोसा, म्हणजे मुलाकडची सगळी मंडळी, उपाशी उठून गेली तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावे लागणार. वाढपी द्रोण हातात धरून उभे, आणि हुकूम द्यायची कोणाची छाती होईना. तेव्हा आत्या आतून बाहेर आली. बायका पुरुषांच्या पंगतीत येत नसत. ती आली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "वाढा."

लोक जेवले, लग्न नीट पार पडले. देशमुख आले नाहीत. पावसाच्या आधी जीनवरून निरोप आला की दिवाणजींचे आता काम नाही. कारण कोणी सांगितले नाही. माझे वडील रदबदलीला गेले, तर देशमुखांनी त्यांना सदरेवर बसवून घेतले, पान दिले, पेरणीची चौकशी केली आणि त्या विषयावर एक अक्षर काढले नाही. मोठ्या माणसाच्या रागाची हीच तऱ्हा मला सगळ्यात वाईट वाटते. गरीब माणूस रागावला तर दारात येऊन शिव्या देतो, तुम्हाला उलट बोलता तरी येते. हा राग पान देतो, आणि तुम्हाला आभार मानून उठावे लागते.

खानावळीत नवी मुले आली की आत्या ही गोष्ट सांगे. "तीन डाव बोलावलं त्याले. तीन डाव. तरी नाई आला," असे म्हणून ती तीन बोटे दाखवी. तिची सगळी मते या तीन बोटांवर उभी होती म्हटले तरी चालेल. मोठ्या माणसाला दुसऱ्याची भूक दिसत नाही, कारण त्याला ती दाखवायची कोणाला हिंमत नसते, हे तिचे आवडते वाक्य इथेच येई. मुलांना गोष्ट आवडे. आणि गोष्ट सुरू झाली की आतोबा उठत. रांजणात पाणी आहे का पाहतो म्हणत, आणि गोष्ट संपेपर्यंत परत येत नसत. ज्यांच्या शब्दावर गाड्यांच्या रांगा हलत, ते आता भाजीबाजारातून पिशव्या वाहत होते, विहिरीचे पाणी भरत होते. त्यांनी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. पण लग्नाच्या त्या दिवसाबद्दलही त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

हे आत्याला खात होते. आम्हाला ती वाघीण वाटे, पण एवढ्या एका जागी ती हळवी होती. या थंडीत मी तिला भेटायला गेलो, ती शेवटची भेट. ताप होता, तरी चुलीपाशी पाटावर बसून दुसऱ्या बाईला सूचना देत होती. आतोबा बाजारात गेले होते. बोलता बोलता ती एकाएकी म्हणाली, "मी त्याईची नोकरी घालवली रे." मी म्हटले, देशमुखाने घालवली. ती मान हलवत राहिली. "मले माईत हाय मी काय केलं ते. मले त्याचं दुख नाई. पन त्याईनं एकडाव तरी म्हनावं, सरू, तू चुकली म्हनून. नाई तर, बरं केलं म्हनून. काईतरी म्हनावं. इतके वर्स झाले... मी गोष्ट सांगते तेबी त्याईच्यासाठीच सांगते. वाटते, आज तरी बसतीन. पन ते उठून जाते." आणि तिने डोळे पुसले. मी तिला रडताना कधी पाहिले नव्हते. मी चुलीतले लाकूड उगाच पुढे सारले. आतोबांशी या विषयावर बोलावे असे ठरवून मी अकोल्याला परतलो, शाळेच्या परीक्षा आल्या, आणि मग तार आली.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. लेक धामणगावला परतली. मी एक दिवस जास्त राहिलो. दुपारी आतोबा आणि मी ओट्यावर बसलो होतो. आत्याचे शेवटचे बोलणे आता सांगावे की न सांगावे, हे माझे ठरत नव्हते. ती गेली, आता या माणसाला कशाला बोच लावायची... पण तिचे ते डोळे पुसणे मला राहू देईना. मी सांगितले, तिने म्हटले होते तसेच.

आतोबा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आताही उठतील. ते उठले नाहीत. म्हणाले, "मी तिसऱ्या डाव गेलोच नोतो."

मला आधी समजलेच नाही. ते तसेच रस्त्याकडे पाहत बोलू लागले. "दोन डाव गेलो. माह्या पोरीचं लगीन, अन् मी त्याच्या ओट्याखाली उन्हात उभा. आतून निरोप ये, का मालक पागोटं बांधून राहिले. दुसऱ्या डावबी तेच. तिसऱ्या डाव निंघालो, चिचेच्या झाडापावतर गेलो अन् पाय उचलेना. राग म्हन, नाई तर थकलो म्हन. तठीच बसलो जराकसा. अन् वापस येऊन सांगतलं, येऊन राहिले म्हनून. तो तिकडं पागोटं बांधून सदरेवर बसला होता, माह्या वाटेकडं डोये लावून. साऱ्या घराले जेवाले बोलावलं होतं, त्याईच्या घरी चूल पेटली नोती. सांजपावतर बसला तो तसाच. त्याच्या गड्यानंच दुसऱ्या दिवशी सांगतलं मले."

मी थक्क होऊन ऐकत होतो. ज्या देशमुखाचा मी आत्याच्या बाजूने इतकी वर्षे राग केला, तो त्या दिवशी पागोटे घालून, उपाशी, तिसऱ्या बोलावण्याची वाट पाहत होता. दोन बोलावण्यांवर उठून चार पावले चालत यावे, इतकी मोकळीक त्याच्याजवळ नव्हती. मला त्याची कीव आली, हे कबूल करतो. तरी लेकीच्या बापाला उन्हात दोन वेळा उभे का ठेवले, हा प्रश्न त्या कीवेने पुसला जात नाही. त्याला घरात बसून भूक लागली होती, आतोबांना दारात उभे राहून.

"मंग ती बाहेर आली," आतोबा म्हणाले. "मी पान्याचं भांडं घेऊन पंगतीत फिरून राहिलो होतो. आता काय होते, आता काय होते... तर ती आली, अन् म्हने, वाढा. कोनी तरी विहिरीतून बाहेर ओढलं असं वाटलं मले. बरं केलं का नाई म्हनते ती? अरे, तिनं वाचवलं मले. अन् मी तिच्यापुढं कोन्या तोंडानं बसू, ती तीन बोटं दाखवे तवा?"

मला राहवले नाही. मी जरा चिडूनच विचारले की मग तिला सांगितले का नाही. एक शब्द सांगितला असता तर ती सुखाने गेली असती. आतोबांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिले.

"तुही आत्या तुले माईत नाई काय? तिले सांगतलं असतं, का मी गेलोच नोतो, तर ती त्याच दिवशी गाडी जुपून त्याच्या दारात गेली असती. माफी मांगाले. चूक आपली झाली, तर आपन जाव, असं होतं तिचं. अन् त्यानं तिले बाहेर उन्हात उभी केली असती." ते पुन्हा रस्त्याकडे वळले. "मी उभा राहिलो तठी. मले माईत हाय कसं वाटते ते. तिले तठी उभी पाहाची माही तयारी नोती. मंग म्हनलं, राहू दे. रागावली तरी माह्यावर रागवन."

ओट्याखालून भाजीच्या गाड्या जात होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, तू पेपरात लिहितोस ना, तिच्यावर लिहिणार आहेस का. मी म्हटले, मनात आहे, पण हे लिहिणार नाही. तुम्ही बोललात ते माझ्याजवळ राहील.

"नाई," आतोबा म्हणाले. "हेच लिही. देशमुख जिता हाय अजून, अकोल्याले लेकाजवळ राहते, पेपर वाचून घेते म्हनतात. त्यालेबी समजू दे, का तिनं त्याचा अपमान केला नोता. लिही तू. आता तिले कुठी जा लागत नाई."